नाकाच्या शेंड्यावरचा राग

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग पोराच्या परीक्षेची, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बांध परत कोरलाय रे त्यानं." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर करून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही."

त्या रात्री मी घरात कुणाशी एक शब्द बोललो नाही. जेवलो, ताट विसळून ठेवलं, बायबलचा नेमलेला अध्याय वाचला, प्रार्थना केली आणि आडवा झालो. झोप लागली नाही, पण मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो. दहा वर्षांपूर्वी असा फोन आला असता तर मी त्याच पावली मोटरसायकल काढून गाव गाठलं असतं आणि गल्लीत उभं राहून चार घरांना ऐकू जाईल असं बोललो असतो. आता तसं होत नाही. आता मी गप्प बसतो. याला वाढ म्हणतात, असं मला वाटत होतं.

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली, "तुम्ही ओरडलेले परवडता. हे गप्प बसणं म्हणजे घरातल्या एकेकाला चापट मारल्यासारखं असतं."

मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर न देणंसुद्धा तिला कसं लागलं असेल, हे दुपारी माझ्या लक्षात आलं.

आमची जमीन नेवासे तालुक्यात, मुळा धरणाच्या पाटपाण्याखाली. आजोबांच्या वाटण्या झाल्यावर अडीच एकर आमच्याकडे आली आणि बांधापलीकडची तेवढीच चुलत्यांकडे. चुलतभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. आमच्या दोघांचा बाप्तिस्मा एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, झाला, रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्ही एकाच सतरंजीवर बसलो. तो शेतीत राहिला, मी बँकेत लागलो आणि नगरला आलो. दरवर्षी नांगरट झाली की बांध वीतभर बारीक होतो. दरवर्षी तो म्हणतो, ट्रॅक्टरवाला वळताना घेतो, मी काय दिवसभर उभा असतो का तिथं.

बायबलातल्या नीतिसूत्रांत एक वचन आहे, पूर्वजांनी घातलेली जुनी मेर सारू नको. मेर म्हणजे शेताची हद्द, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून तोच शब्द वापरतात. हे वचन मला तोंडपाठ आहे. किती तरी वर्षं मी ते दादासाठी राखून ठेवलं होतं. केव्हा तरी चारचौघांत त्याच्या तोंडावर वाचून दाखवायचं म्हणून. पवित्र शास्त्रातलं वचन दगडासारखं खिशात बाळगायचं असतं का, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता.

प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी आहे. लहानपणी ती आम्ही बोटांवर म्हणायचो. प्रीती, आनंद, शांती, चौथ्या बोटाला सहनशीलता, आणि अगदी शेवटी, नवव्या बोटाला, इंद्रियदमन. या शेवटच्या शब्दानं माझं बरंच नुकसान केलं. शब्द चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण 'दमन' म्हटलं की मला पायाखाली काही तरी चिरडून धरल्यासारखं वाटायचं. राग आला की दाबायचा, वर पाय ठेवायचा, हलू द्यायचा नाही. मूळ ग्रीक शब्द एंक्रातेया. त्यात 'क्रातोस' आहे, म्हणजे ताकद, सत्ता. स्वतःच्या घरात स्वतःची सत्ता असणं. सत्ता असलेला माणूस घरातल्या पोराला कोंडून ठेवत नाही. ते पोर कुठं आहे, काय करतंय, हे त्याला ठाऊक असतं.

हे मला शेतावरूनच नीट समजलं. पाटाची बारी रात्रीची आली की लहानपणी मी वडिलांबरोबर दारं धरायला जायचो. हातात कंदील, खांद्यावर फावडं. एका सरीचं पाणी पुरं झालं की तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि त्याच फावड्यानं पुढच्या सरीचं उघडायचं. एकदा मी घाईनं तोंड बंद केलं आणि पुढचं उघडायला विसरलो. पाणी तुंबत राहिलं आणि खालच्या अंगाला, जिथं कुणी पाहतही नव्हतं, तिथं पाट फुटला. वडील रागावले नाहीत. चिखलात गुडघाभर उतरून त्यांनी पाट बांधला आणि म्हणाले, "पाणी थांबवायचं नसतं, वळवायचं असतं. नुसतं थांबवशील तर ते त्याच्या मनानं वाट काढील."

माझा राग मी बांधावर थांबवत होतो आणि तो खालच्या अंगाला, स्वयंपाकघरात, फुटत होता.

मराठीत राग नाकाच्या शेंड्यावर बसतो. हिब्रूतही तो नाकातच असतो. जुना करार ज्या भाषेत लिहिला गेला तिच्यात 'अफ' हा एकच शब्द नाकासाठीही आहे आणि रागासाठीही. हे मला आमच्या एका पाळकांनी, म्हणजे पाद्र्यांनी, बायबल अभ्यासात सांगितलं आणि त्यानंतर निर्गम या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय मला वेगळाच दिसायला लागला. सीनाय पर्वतावर परमेश्वर, इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेसमोरून जातो आणि स्वतःची ओळख सांगतो. दयाळू, कृपाळू, आणि मग मराठी बायबलात शब्द येतो, 'मंदक्रोध'. मूळ हिब्रूत तिथं आहे 'एरेख अप्पायिम', शब्दशः लांब नाकाचा. नाक लांब, म्हणून राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ग्रीकमध्ये याच कल्पनेसाठी 'माक्रोथुमिया' हा शब्द आला, लांब मनाचा असणं, आणि पौलाच्या यादीतल्या चौथ्या बोटावरची सहनशीलता ती हीच.

ही ओळख देव कधी सांगतो तेही पाहण्यासारखं आहे. दोनच अध्याय आधी लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्याभोवती नाच केलाय. मोशेनं संतापून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्यात. देवाचा रागही पेटलेला आहे, ते शास्त्र लपवत नाही. आणि नव्या पाट्या घेऊन मोशे परत वर जातो तेव्हा, फसवणूक ताजी असताना, देव म्हणतो, माझं नाक लांब आहे. राग नाही असं तो म्हणत नाही. तो वेळ देतो असं म्हणतो.

मोशेबद्दल लहानपणी मला फार वाईट वाटायचं. चाळीस वर्षं त्यानं त्या कुरकुऱ्या लोकांना सांभाळलं. गणना या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लोक पाण्यासाठी पुन्हा भांडायला येतात. देव सांगतो, खडकाशी बोल. मोशे लोकांना बंडखोर म्हणतो आणि काठी उचलून खडकावर दोनदा मारतो. पाणी येतं, भरपूर येतं. पण देवानं देऊ केलेल्या वचनदत्त देशात जायचं राहून जातं. नबो डोंगरावरून नुसतं पाहायला मिळतं. दोन फटक्यांची एवढी शिक्षा? आमच्या शब्बाथ शाळेच्या बाईंना मी हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मोठा झालास की परत वाच." परत वाचताना माझी नजर अडते ती 'दोनदा' या शब्दावर. पहिला फटका हातून गेला असेल. दुसऱ्याच्या आधी एक क्षण होता. त्या एका क्षणाशी माझी चांगली ओळख आहे. मी तोंडातून गेलेल्या पहिल्या शब्दानं कधी फार बिघडवलेलं नाही, दुसऱ्यानं बिघडवलंय.

बँकेत मी वीस वर्षं कॅशवर बसलो. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनीची रांग दारापर्यंत जायची. कुणाची सही जुळायची नाही, कुणाला कमी ऐकू यायचं, कुणी चारदा नोटा मोजून पाचव्यांदा मोजायला परत द्यायचं. मी कधी आवाज चढवला नाही. "साहेब फार शांत," असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. चौथ्या-पाचव्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांची एक गोष्ट सांगतात. एका मठातल्या भावाला इतरांचा सारखा राग यायचा. त्यानं ठरवलं, एकटं राहू, म्हणजे रागवायला कुणी उरणार नाही. गेला एकांतात. पाण्याचं भांडं भरून खाली ठेवलं, ते कलंडलं. परत भरलं, परत कलंडलं. तिसऱ्यांदा कलंडलं तेव्हा त्यानं ते उचलून फोडलं. हातात खापऱ्या घेऊन तो भानावर आला आणि उठून मठात परत गेला. नगरला येऊन मी शांत झालो नव्हतो. नगरमध्ये दादा नव्हता, एवढंच.

आणि उपास. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. १८३१ पासून ते काम नगरात सुरू झालं. पाळक आणि वडीलधारे सांगतात की जुन्या पिढीत ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांचा फारसा रिवाज नव्हता. १९७० मध्ये अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यानंतर तो हळूहळू रुजला. मी गेली कित्येक वर्षं त्या काळात दर शुक्रवारी एक वेळ जेवतो. एका शुक्रवारी मुलानं माझ्या कागदांवर पाण्याचा पेला सांडला आणि मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको म्हणाली, "तुमचा उपास म्हणजे आमची शिक्षा." त्याच आठवड्यात वाचनात यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय होता, उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, मुठी उगारता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कुटुंबातही माझ्यासारखा बाप असला पाहिजे. पोटावर माझी सत्ता चालत होती, जिभेवर नाही, आणि पोटाच्या जोरावर मी जिभेचा हिशेब मिटल्यासारखं धरून चाललो होतो.

नगरच्या माणसाला धीराविषयी लिहिताना टिळक दांपत्य टाळता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं म्हणजे आधी ताटातूट आणि मग एकाच माणसाच्या संसारात आपला वेगळा धर्म पाळत राहणं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला दर वेळी धक्का बसतो तो त्यांच्या मोकळेपणाचा. टिळकांचा तापट स्वभाव त्या झाकत नाहीत, स्वतःचं रडणं, रुसणं, भांडणंही झाकत नाहीत. त्या सोसत होत्या, पण तोंड शिवून सोसत नव्हत्या. सहनशील बाई म्हणजे मुकी बाई, असं आमच्या मंडळ्यांतून जे शिकवलं जातं त्याला मी ठाम नाही म्हणतो. घरात मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर' हे वचन म्हणून सांगणं हे पाप आहे, ते सांगणारा पाळक असो की सासू.

धीराची दुसरी एक तऱ्हा आहे, ती माणसांशी नव्हे, परिस्थितीशी वागताना लागते. नव्या करारात तिला वेगळाच शब्द आहे, 'हुपोमोने', ओझ्याखाली टिकून राहणं. तो शब्द वाचला की मला पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती मिशन उभारलं, हजारो बायका-मुलींना आसरा दिला, आणि हे सगळं चालू असताना बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. साध्या, अर्धशिक्षित बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षामागून वर्षं ते काम चाललं. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही त्या मेजावर बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी छापून. तेव्हाच्या छापखान्यात अक्षराचा खिळा उलटा असायचा. एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं, ओळीत बसवायचं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत असं एकेक अक्षर. या बायकांपैकी अनेकींना काही वर्षांपूर्वीपर्यंत वाचताही येत नव्हतं. धीर म्हणजे काय हे मला विचाराल तर मी त्यांची काळी झालेली बोटं दाखवीन. ती मी पाहिलेली नाहीत, पण मला दिसतात.

नव्या करारातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात एक साखळी आहे. विश्वासात सात्त्विकतेची, तिच्यात ज्ञानाची, ज्ञानात इंद्रियदमनाची, इंद्रियदमनात धीराची अशी 'भर घाला' म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापदाचं नातं जुन्या अथेन्समधल्या एका प्रथेशी आहे. नाटकातल्या गायकवृंदाचा सगळा खर्च एखादा धनिक नागरिक स्वतः उचलायचा, हात न आखडता. अर्थ सुंदर आहे, पण मला आपल्या मराठीतली 'भर' जास्त जवळची. उसाची लागण झाली, तीन-चार महिने गेले की मोठी बांधणी करतात. सरी-वरंबे फोडून उसाच्या बुडाशी मातीची भर लावतात. ती लावली नाही तर ऊस वाढतो, चांगला डोक्याच्या वर जातो, आणि पहिल्या वाऱ्याला लोळतो. उभ्या उसाकडे पाहून भर लागली की नाही ते लांबून कळत नाही. वाऱ्यात कळतं.

प्रार्थनेत मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो, प्रभू, मला सहनशीलता दे. ती जशी काही पार्सलनं येणार होती. येशूनं सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला मला नंतर उमगला. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मालकही चुकीचा नाही. झाड खरोखरच जागा अडवून बसलंय. पण माळ्याची सहनशीलता हात बांधून बसलेली नाही, तिच्या हातात कुदळ आहे आणि अंगाला शेणाचा वास आहे. आणि ते झाड पुढच्या वर्षी फळलं की नाही हे येशू सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी सरकारी मोजणी मागवली. काही नातेवाइकांना ते आवडलं नाही. ख्रिस्ती माणसानं भावावर मोजणी आणावी का, असं एकानं विचारलं. मला यात विरोध दिसत नाही. खरं किती ते कळू दे, मग सोसायचं किती ते ठरवता येईल. मोजणीत निघालं की वरच्या अंगाला दीड हात आमचं पलीकडे गेलंय. म्हणजे माझंच बरोबर होतं. ते कळल्यावर मला वाटलं होतं की आता शांत वाटेल. झालं उलटं. आपण बरोबर असल्याची खात्री झाली की नाक एकदम आखूड होतं. चुकलेल्या माणसाला सोसणं जड नाही, आपलाही थोडा दोष असेल असं म्हणता येतं. आपलं शंभर टक्के बरोबर असताना समोरच्याचं तोंड पाहणं, हे मला अजून जमत नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की वेदीपाशी दान आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. वडील प्रत्येक प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी गावात एक फेरी मारायचे. कुणाकडे जातात ते सांगायचे नाहीत. मी शनिवारी दादाकडे गेलो. कागद नेला नाही. वहिनींनी चहा टाकला. मी म्हणालो, "दादा, वरच्या अंगाला दीड हात निघालंय." तो खोकला, मग म्हणाला, "ट्रॅक्टरवाला वळताना घेतो. मी काय दिवसभर उभा असतो का तिथं."

तेच वाक्य, शब्दाला शब्द. माझ्या नाकपुड्या तापलेल्या मला कळल्या. खरंच कळल्या, ही बोलण्याची पद्धत नव्हे. बशीतला चहा थरथरत होता, तो मी खाली ठेवला. मोशेच्या दोन फटक्यांमधला तो क्षण मी जितका लांबवता येईल तितका लांबवला. मग म्हणालो, "मला याचा फार त्रास होतो, दादा. रात्री झोप येत नाही." हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो. तो काही बोलला नाही. बराच वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला तो आला आणि माझ्या डाव्या हाताला गुडघे टेकले. मोजणीचा दगड सोमवारी आम्ही दोघांनी मिळून रोवला, फारसं न बोलता.

या दिवाळीनंतर पुन्हा आईचा फोन आला. गुडघा, परीक्षा, आणि मग, "दगडाच्या पलीकडून वीतभर गेलंय रे परत." मी फोन ठेवला. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारायच्या आधीच मी तिच्याजवळ जाऊन पाटावर बसलो.

"बांध परत कोरलाय," मी म्हणालो. "मला फार राग आलाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "बोला."